सभेवाचून द्यूत

दिवाळीच्या ज्या दिवसाला आपण पाडवा म्हणतो, त्याचे एक जुने नाव द्यूतप्रतिपदा असे आहे. त्या दिवशी शिवपार्वतींनी सारीपाट मांडला आणि महादेव हरले, अशी कथा आहे. आणि त्या कथेचा आधार घेऊन पिढ्यान्‌पिढ्या या दिवशी घरोघर सोंगट्या, कवड्या आणि पत्ते निघत आले आहेत. तेव्हा सणाच्या अंकात द्यूताचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडू नये. आपल्या संस्कृतीने जुगाराची निंदा पुष्कळ केली, पण वर्षातून एकदा त्याला माजघरात बसायला पाटही दिला. हा पाट देण्यात शहाणपण होते. दिवस ठरलेला, माणसे घरची, डाव सर्वांच्या डोळ्यांदेखत, आणि जेवणाची पाने मांडली की सोंगट्या गोळा करावयाच्या. खेळाला चौकट होती, आणि ती चौकट खेळणाऱ्याने आखलेली नसून घराने आखलेली होती.

आज हेच द्यूत मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसले आहे. क्रिकेटच्या, फुटबॉलच्या, टेनिसच्या सामन्यांवर पैजा लावून घेणारी ॲप्स जगभर निघाली आहेत. त्यांच्यावर नीतीच्या अंगाने बोलणारे पुष्कळ आहेत, कायद्याच्या अंगाने बोलणारेही आहेत. येथे मात्र त्यांच्याकडे टीकाकाराच्या नजरेने पाहावयाचे आहे. कोणी म्हणेल, टीकाकाराचा येथे काय संबंध? संबंध असा, की पैजेचे ॲप ही एक लिहिलेली वस्तू आहे. तिच्यातला प्रत्येक शब्द, प्रत्येक रंग, कोणती गोष्ट वर आणि कोणती खाली हा क्रम, हे सारे कोणीतरी विचारपूर्वक रचलेले असते आणि ते वाचणाऱ्याच्या मनावर विशिष्ट परिणाम व्हावा म्हणून रचलेले असते. कादंबरी किंवा नाटक तपासताना आपण विचारतो : येथे कोण बोलतो आहे? कोणाशी? तो काय दाखवतो आणि काय झाकतो? काळाची मांडणी कशी केली आहे? शेवट कोठे आहे? हेच प्रश्न ॲपला विचारले, तर ज्याला आपण ‘माझी निवड’ म्हणतो तिचे खरे कर्तृत्व कोणाकडे जाते, हे थोडेफार कळू लागते.

१

जुगाराच्या वाङ्मयाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त अक्षसूक्त म्हणून ओळखले जाते. बेहड्याच्या फळांचे फासे, त्यांच्या नादाने ओढला जाणारा जुगारी, त्याला सोडून गेलेली बायको, त्याचा तिरस्कार करणारी सासू, त्याला ओळख न देणारे आईबाप आणि भाऊ, हे चित्र त्यात इतके जिवंत आहे की तीन हजार वर्षांचे अंतर मध्ये आहे असे वाटत नाही. या सूक्ताचा मोठेपणा असा, की ते स्वतः जुगाऱ्याच्या तोंडी आहे. आता जाणार नाही, असा निश्चय तो करतो आणि फासे वाजले की निघतो. निश्चय आणि पाऊल यांच्यातली ही फट त्या कवीने पाहिली.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त हीच फट विनोदाच्या अंगाने येते. देवलांच्या नाटकामुळे मराठी रसिकांना हे कथानक परके राहिलेले नाही. दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक पैसे न देता पळतो, उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणाऱ्यांना संशय येतो. ते तिथेच बसून फासे टाकू लागतात. त्या आवाजाने ‘मूर्ती’ची तगमग सुरू होते आणि अखेर त्याला राहवत नाही. प्रेक्षक खदखदून हसतो. पण नाटककाराने काय सांगितले आहे पाहा. लपलेल्या जुगाऱ्याला हुडकावयाचे तर शोधाशोध नको, आवाज पुरे. आज रात्री साडेनऊला खिशातला मोबाइल थरथरतो आणि ‘सामना सुरू होत आहे, तुमच्यासाठी खास भाव’ अशी सूचना झळकते, तेव्हा देवळातला तोच प्रयोग चालू असतो. फरक इतकाच की त्या दोघांना संवाहक कोठे लपला आहे याचा अंदाज करावा लागला होता. ॲपला तो ठाऊक असतो.

आणि महाभारतातील सभापर्व! तेथे शकुनीच्या हातचलाखीची चर्चा फार होते, पण त्याच्या वाणीची होत नाही. युधिष्ठिर धन हरतो, राज्य हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो. खेळ येथे संपावयास हवा होता, कारण लावण्यासारखे काही उरलेले नाही असे त्याला वाटते. तेव्हा शकुनी त्याला आठवण करून देतो की द्रौपदी अजून हरलेली नाही, तिला पणाला लाव आणि स्वतःला सोडवून घे. पणाची कल्पना शकुनीची, उच्चार युधिष्ठिराचा. पुढे सगळे जग म्हणणार, धर्मराजाने द्रौपदी पणाला लावली. सुचवणारा नामानिराळा राहतो आणि निवड हरणाऱ्याच्या नावावर जमा होते. पैजेच्या ॲपचे सारे अलंकारशास्त्र या एका प्रसंगात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२

आता प्रत्यक्ष ॲप उघडू. जगात कोणत्याही क्षणी शेकडो सामने चालू असतात आणि एकेका सामन्यावर पन्नास-शंभर प्रकारच्या पैजा असू शकतात. एवढे सारे तळहाताएवढ्या पडद्यावर मावत नाही. म्हणून काहीतरी वर आणावे लागते. जे वर येते त्याला ‘लोकप्रिय’, ‘आजची खास’, ‘वाढीव भाव’ अशी नावे असतात. ही नावे माहिती दिल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात ती शिफारस करतात. लोकप्रिय म्हणजे पुष्कळांनी घेतलेली. पण वर ठेवली म्हणून पुष्कळांनी घेतली, की पुष्कळांनी घेतली म्हणून वर ठेवली, हे वाचणाऱ्याला कधी कळत नाही. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक निदान यादी घेऊन जाते. येथे यादीही दुकानदाराचीच.

मग येते स्वागताची भेट : ‘पाचशे रुपयांची पैज फुकट’. फुकट हा शब्द आपल्या मनावर काय करतो, हे सांगावयास नको. पण या भेटीचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. अशा पैजेत जिंकल्यास बहुधा फक्त नफा मिळतो, मूळचे पाचशे परत येत नाहीत. दुप्पट भावाच्या समसमान शक्यतेवर ती लावली, तर दोनांतून एकदा पाचशे मिळणार. म्हणजे भेटीची किंमत सरासरीने अडीचशे. तीच दहापट भावाच्या, दहांतून एकदा घडणाऱ्या गोष्टीवर लावली, तर जिंकल्यास साडेचार हजार. सरासरीने किंमत साडेचारशे. याचा अर्थ, ही भेट नवख्याला पहिल्या दिवसापासून दुर्मीळ गोष्टींवर पैसे लावण्याचे वळण लावते. आणि दुर्मीळ गोष्टींवरच्या पैजा हेच या धंद्याचे खरे दुभते जनावर आहे.

ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. सणाच्या अंकात गणित नको, असे वाचक म्हणतील, पण हे चौथीच्या मुलाचे आहे. नाणेफेकीसारखी समसमान गोष्ट धरू. खरा भाव शंभराला दोनशे. ॲप देते एकशे एक्याण्णव. दोन माणसांनी दोन बाजूंना शंभर-शंभर लावले. एकाला १९१ मिळाले, नऊ घराचे झाले. दोनशेत नऊ, म्हणजे साडेचार टक्के. ही दलाली फार वाटत नाही. आता अशा चार पैजा एकमेकींना जोडा : चारही बरोबर आल्या तरच जिंकलो. खऱ्या हिशेबाने शंभराला सोळाशे मिळावयास हवेत. ॲपच्या भावाने मिळतात १३३१. घराचा वाटा सतरा टक्क्यांवर गेला. सहा जोडल्या तर ६४०० च्या जागी ४८५५; वाटा चोवीस टक्के. दरवेळी साडेचार टक्केच कापले, पण कापलेल्यातून पुन्हा कापले.

तुलनेसाठी आपला मटका घ्या. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत आकडे लागत, त्यातून पुढे हा खेळ उभा राहिला. एका आकड्याला दहांतून एक संधी आणि मिळकत साधारण नऊपट. म्हणजे घराचा वाटा दहा टक्के. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या ज्या आकडेवाल्याला पोलीस पिढ्यान्‌पिढ्या पिटाळीत आले, तो या जोडपैजांपेक्षा गिऱ्हाइकाला अधिक परत देत होता. मटक्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. पण जुगाराची लबाडी आपण कळकट जागी शोधतो आणि सुबक जागी सोडून देतो, एवढे त्यातून दिसते.

३

मग शहाणीसुरती माणसे या जोडपैजा का घेतात? येथे टीकाकाराचे घरचे अंगण लागते, कारण उत्तर कथेच्या स्वभावात आहे.

‘भारत जिंकेल’ हे नुसते विधान आहे. ‘सलामीचा फलंदाज अर्धशतक काढील, अखेरच्या षटकांत आपला वेगवान गोलंदाज दोन बळी घेईल आणि भारत जिंकेल’ ही कथा आहे. तिला आदि, मध्य, अंत आहे. ती डोळ्यांपुढे उभी राहते. आणि जे डोळ्यांपुढे उभे राहते ते खरे वाटू लागते. गणिताचा नियम नेमका उलट आहे. जितके तपशील अधिक, तितकी सारे तपशील एकत्र घडण्याची शक्यता कमी. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली दाखवून दिले, की तपशिलांनी भरलेले वर्णन हे त्याच्याच एका भागापेक्षा अधिक संभाव्य आहे असे मानण्याची चूक सुशिक्षित माणसेही हटकून करतात. कथाकार या मानवी स्वभावावर जगतो. तपशिलांनी तो असंभाव्याला संभाव्य करतो आणि वाचक आनंदाने फसतो. पण कथाकार वाचकाकडून विश्वास उसना घेतो आणि गोष्ट संपताच परत करतो. ॲप त्या विश्वासाचे पैसे करून घेते.

एकाच सामन्यातल्या घटना जोडण्याची सोय अलीकडे ॲप्सनी फार पुढे आणली आहे. कथेचे तुकडे पडद्यावर मांडून ठेवलेले असतात. बोटाने एकेक उचलावा आणि आपली गोष्ट आपण रचावी. अशा ठिकाणी घटना एकमेकींवर अवलंबून असतात, त्यामुळे वरचा सरळ गुणाकार चालत नाही आणि खरा भाव किती हे सामान्य माणसाला काढताच येत नाही. तो ॲपने सांगावा आणि आपण मानावा. शिवाय ही गोष्ट ‘मी’ रचली, हा अभिमान वेगळाच. एलेन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली एक प्रयोग केला होता. त्यात ज्यांनी सोडतीचे तिकीट स्वतः निवडले होते, ते आपले तिकीट विकण्यासाठी, हाती दिलेले तिकीट घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक किंमत मागू लागले. सोडतीतली संधी दोघांचीही सारखीच होती. निवडीचा कष्ट घेतला की निवडीवर माया जडते. ॲपला हे ठाऊक आहे. म्हणूनच ते पर्याय कमी करीत नाही, वाढवीत जाते.

४

काळाची मांडणी हा प्रत्येक रचनेचा कणा असतो. जुन्या द्यूतात काळ होता. महालक्ष्मीच्या मैदानावर घोडे पाहायला जाणारा माणूस ठरलेल्या दिवशी जाई, शर्यतींच्या मध्ये थांबे, हरला तर गाडीत बसून घरी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत असे. त्या खिडकीत पुष्कळ शहाणपण सुचत असे. मटक्यालाही ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ यांच्यामध्ये काही तास होते.

सामना चालू असतानाच पैज, ही ॲपची मोठी कामगिरी. आता विजेत्याची वाट पाहावयाची नाही. पुढल्या षटकात किती धावा, पुढल्या चेंडूवर काय, असे विचारले जाते. वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामात सामने होते ७४. सारे डाव पुरे झाले असे धरले, तर सतरा हजार सातशे साठ चेंडू. आणि प्रत्येक चेंडू म्हणजे एक फासा होऊ शकतो. जो खेळ दिवसभराच्या उन्हासावलीत, थांबण्यात आणि वाट पाहण्यात आपल्या पूर्वीच्या पिढीला रमवीत असे, त्याचे हे रूप पाहून क्रिकेटच्या जुन्या चाहत्याला वाईट वाटल्यावाचून राहणार नाही. फटक्याचे सौंदर्य पाहण्यास लागणारा क्षण पैज गिळून टाकते. चेंडू सीमेपार गेला. तो कसा गेला हे पाहिलेच नाही, कारण डोळा भावावर होता.

अवधी आखडला की विचार आखडतो, ही साधी गोष्ट आहे. हरल्याचे दुःख मनात उतरण्यापूर्वीच पुढचा प्रश्न समोर येतो. आणि शकुनीप्रमाणे तो प्रश्न नेहमी भरपाईच्या भाषेत असतो. ऑस्ट्रेलियाच्या २००१ च्या कायद्याने सामना चालू असताना इंटरनेटवरून पैज घेण्यास बंदी घातली. लावावयाचीच असेल तर दूरध्वनी करून बोलून लावावी, अशी तेथे वाट ठेवली. एखाद्याला हे जुनाट वाटेल. पण ज्याने हा नियम केला त्याला आपली आकांक्षा दुसऱ्या माणसाला ऐकू येईल अशा आवाजात उच्चारणे म्हणजे काय, हे उमगले असले पाहिजे.

काळाशी खेळण्याची आणखी एक युक्ती आहे : अर्ध्यातून पैज मोडून पैसे घेण्याची. हजार रुपये अडीचपट भावाने लावले. जिंकलो तर अडीच हजार. सामना आपल्या बाजूने झुकला आणि जिंकण्याची शक्यता सत्तर टक्के झाली, तर त्या पैजेची त्या क्षणी खरी किंमत साडेसतराशे. ॲप म्हणते, आत्ताच सोळाशे घे आणि सूट. घेणाऱ्याला वाटते, आपण सावधपणा केला. दीडशे रुपये कोठे गेले हे त्याला दिसत नाही. एकाच पैजेवर घराने दोनदा दलाली घेतली. पण पडद्यावर ते ‘तुमच्या हाती सूत्रे’ म्हणून येते. सूत्रे हा शब्द मोठा मार्मिक आहे. कठपुतळीलाही सूत्रे असतात.

५

येथे एक न्याय्य आक्षेप येतो. सज्ञान माणसाने आपल्या पैशाचे काय करावे हे दुसऱ्याने का सांगावे? तमाशाला, सिनेमाला, हॉटेलात जाणारा पैसे घालवतोच ना? आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण सिनेमाच्या तिकिटावर किंमत छापलेली असते. ॲपमध्ये किंमत भावाच्या पोटात असते आणि भाव आशेच्या भाषेत लिहिलेला असतो. शिवाय सिनेमागृहाचा मालक एका प्रेक्षकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा शेवट दाखवीत नाही. ॲप दाखवते. कोण कधी थांबला, किती दिवस आला नाही, कशाने परत आला, याची नोंद ठेवून त्याला त्याच्यापुरती भेट पाठवली जाते. उलट, जो सातत्याने जिंकू लागतो त्याच्या पैजेची रक्कम पुष्कळ कंपन्या मर्यादित करून टाकतात. हरणाऱ्याला आमंत्रण आणि जिंकणाऱ्याला दार बंद, असा जो खेळ आहे त्यात दोन्ही पक्ष स्वतंत्रपणे निवड करतात असे म्हणणे धाडसाचे आहे.

पैसे आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाटही पाहण्यासारखी. आत एका स्पर्शात. बाहेर काढताना ओळखपत्र, पडताळणी, प्रतीक्षा; आणि त्या प्रतीक्षेत ‘काढणे रद्द करून पुन्हा खेळा’ अशी सोय. ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२० साली ही सोय बंद करावयास कंपन्यांना सांगितले, यावरून तिचे स्वरूप लक्षात यावे.

ब्रिटनचीच गोष्ट या बाबतीत बोधप्रद आहे. १९६० च्या कायद्याने तेथे पैजेची दुकाने अधिकृत झाली आणि १९६१ पासून ती उघडली. पण काचा बाहेरून आतले दिसू नये अशा, आत सजावट नाही, बसण्याची ऐट नाही. मागणी असेल तर ती भागवावी, निर्माण करू नये, हे त्यामागचे तत्त्व होते. २००५ च्या कायद्याने ते सोडले, जाहिरातींना दारे उघडली, आणि अल्पावधीत फुटबॉल संघांच्या अंगरख्यांवर पैजेच्या कंपन्यांची नावे चढली. प्रीमियर लीगच्या संघांनी २०२३ मध्ये ती नावे छातीवरून २०२५-२६ च्या हंगामाअखेर उतरवण्याचे आपण होऊन ठरवले. अमेरिकेत १९९२ पासून बहुतेक राज्यांना क्रीडापैजा अधिकृत करण्यास असलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी रद्द केली, आणि त्यानंतर तिसांहून अधिक राज्यांनी त्या मान्य केल्या. आरसे, दिवे आणि गुळगुळीत पडदे यांचे युग आता तेथे आले आहे.

आपल्याकडे हे सारे कौशल्याच्या नावाने आले. अकरा खेळाडू निवडा, शंभर गुणांच्या अंदाजपत्रकात संघ बसवा, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. आणि एकोणपन्नास रुपयांत कोटीचे स्वप्न. निवडसमितीच्या खुर्चीत बसण्याची हौस कोणाला नसते? प्रत्येक चहाच्या दुकानात ती पूर्वीपासून फुकट भागत होती. तिला प्रवेशमूल्य लावण्याची कल्पना मात्र नवी. कौशल्याचा खेळ आणि दैवाचा खेळ यांतील भेद न्यायालयांनी १९५७ पासून अनेकदा चर्चिला आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला. हा भेद खरा आहे. पण लाखो प्रवेशिकांच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्याचे कौशल्य किती आणि नशीब किती, याचे उत्तर नफा मोजणाऱ्याला द्यावेसे वाटत नाही. अखेर पैशाच्या सर्वच ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांनी पैशाचे खेळ त्याच महिन्यात थांबवले. भारतीय संघाच्या छातीवर २०२३ पासून असलेले तिचे नावही उतरले. या कायद्यात खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलेले नाही, खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला ठरवले आहे. युधिष्ठिर आणि शकुनी यांच्यात फरक करणारी ही दृष्टी स्वागतार्ह आहे. पण परदेशी बसून चालवलेल्या ॲप्सना सरहद्द नसते. तेव्हा कायद्यामुळे वाचकाचे काम संपले असे होत नाही.

६

वाचकाचे काम म्हणजे भाषा ओळखणे. ‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य घ्या. जाहिरातीच्या शेवटी ते आपल्याकडे इतक्या घाईने म्हटले जाई की ऐकू येण्यापूर्वी संपे. त्यातले क्रियापद ‘खेळा’ आहे आणि जबाबदारी ऐकणाऱ्याची आहे. ब्रिटनमध्ये २०१५ पासून मौज संपली की थांबा, अशा अर्थाचे घोषवाक्य वापरात होते आणि त्यात मौज हा शब्द इतरांपेक्षा मोठ्या अक्षरांत छापला जाई. वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी ते तपासले, तेव्हा त्याने पैजा कमी झाल्याचे आढळले नाही. घोषवाक्य आणि जाहिरात एकाच लेखणीतून उतरली की असे होते. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये ‘जबाबदारी’ची भाषा सोडून, तुम्ही बहुधा हरणार आहात, अशा अर्थाची सरळ वाक्ये सक्तीची केली. ही वाक्ये रुक्ष आहेत. परंतु खरी आहेत.

प्रामाणिक ॲप कसे असेल, याची कल्पना करून पाहावी. पहिल्याच पडद्यावर आजवर किती हरलो तो आकडा. प्रत्येक पैजेखाली घराचा वाटा टक्क्यांत. जोडपैज केली की खरा भाव शेजारी. दोन पैजांमध्ये सक्तीची विश्रांती. काढण्याची वाट भरण्याइतकीच सोपी. यांतले काहीही तंत्राला अवघड नाही. असे ॲप निघाले तर ते चालणार नाही, असे चालकच म्हणतील. त्यांच्या या उत्तरातच पुरी टीका सामावलेली आहे. सत्य सांगितले असता जी निवड माणूस करणार नाही, ती निवड त्याच्याकडून करवून घेणे यावर ही रचना उभी आहे. आणि म्हणून कारागिरी कितीही उच्च असली तरी तिला चांगली रचना म्हणता येत नाही.

तिच्यात नसलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र वेगळी आहे. कौरवांच्या द्यूतात सभा होती. ती भेकड निघाली हे खरे; भीष्म गोंधळले, द्रोण गप्प बसले. तरी विदुर बोलला, विकर्ण बोलला, आणि द्रौपदीने सभेत प्रश्न पाठवला : आधी स्वतःला हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो काय? त्या प्रश्नाला धड उत्तर कोणी दिले नाही, पण तो विचारला गेला आणि धृतराष्ट्राला पण परत करावे लागले. अक्षसूक्तातल्या जुगाऱ्याभोवतीही घर आहे. रडणारे, रागावणारे, तोंड फिरवणारे. मोबाइलवरचा जुगारी मात्र घरच्यांच्या पंक्तीत बसून, एका हाताने भात कालवीत, दुसऱ्या हाताने हरू शकतो आणि शेजारच्या पानावर बसलेल्या आईला त्याचा पत्ता लागत नाही. ॲपने पैज सोपी केली हे तर झालेच. पण तिने सभा काढून घेतली, हे अधिक गंभीर आहे. विदुराला बोलायला जागाच उरली नाही.

ती जागा परत करणे कायद्याच्या एकट्याच्या हातात नाही. घरात पैशाविषयी उघड बोलले जाते की नाही, हरल्याचे सांगणाऱ्या मुलावर आधी ओरडा पडतो की आधी हिशेब विचारला जातो, यावर ते पुष्कळसे अवलंबून आहे. ओरड्याच्या भीतीनेच पुष्कळ जण दुसरी पैज पहिली भरून काढण्यासाठी लावतात. पाडव्याला सारीपाट मांडाल तेव्हा मुलांना सोंगट्यांबरोबर हा हिशेबही शिकवावा : साडेचार टक्के चारदा कापले की सतरा कसे होतात. खेळायला बसण्यापूर्वी पाने कधी मांडावयाची हेही सांगून ठेवावे, आणि पाने मांडली की पट आवरावा.